वायाचा रकाना

कुपवाड रस्त्याला, साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत
माझं टेबल, टेबलावर स्टोअरची वही:
आवक, जावक, शिल्लक.
चौथा रकाना मी पट्टीने ओढला
आणि वर लिहिलं, वाया.

ठेकेदार आरवाडे हसले.
"नलवडे, हे कशाला? पाच टक्के जाणारच.
कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं."
हा लग्नाच्या पंगतीचा हिशोब.
पंगतीत उरलेलं गाईला तरी जातं,
उरलेलं सिमेंट कोण खाणार?

ते मी बघितलंय.
पुराच्या साली हरिपूर रस्त्याच्या गोदामात
कृष्णा छातीएवढी आली.
स्कीम होती म्हणून आधीच भरून ठेवलेली
एकशे ऐंशी पोती.
पाणी उतरल्यावर कागद सोलून काढला
तर आत पोत्याच्याच आकाराचा धोंडा,
सुरकुत्यांसकट, शिवलेल्या तोंडासकट.
त्यातले चार आज वॉचमनच्या दारात पायरी झालेत.
चढताना मी दर धोंड्याचा भाव मनात म्हणतो.
सवय.

म्हणून आता तीन दिवसांपुरतंच मागवतो.
माधवनगरचा दुकानदार कुरकुरला,
"वीस पोत्यांसाठी गाडी? डिझेल कोण देणार?"
मग शेजारच्या साईटशी बोललो.
एकच गाडी दोन्ही फाटकांवर थांबते,
कधी त्यांच्या मुकादमाचा डबाही तिच्यातूनच येतो.

सळईचं मात्र उलगडत नव्हतं.
सळई येते बारा मीटरची.
बीमला लागते तीन-ऐंशी. तीन तुकडे काढले
की हातभर उरतं, साठ सेंटिमीटर,
कशालाच न पुरणारं,
भिंतीला टेकून गंजणारं.
वहीत, महिनाअखेर: वाया, बेचाळीस किलो.

ते तुकडे मल्लव्वा वेचायची.
जतकडची, बारबेंडर सिद्रामची भावजय.
अक्षर ओळखत नाही,
पण डोक्यावरच्या घमेल्यात किती वजन आहे
ते अर्ध्या किलोच्या फरकाने सांगते.
एका दुपारी, भाकरी सोडायच्या आधी,
तिने कोब्यावर खडूच्या रेघा ओढल्या.
"साहेब, दोन लांब घ्या की, दोन आखूड घ्या.
खिडकीवरची आखूड सळई वेगळी कशाला कापताय?"

मी कॅल्क्युलेटर काढला.
तीन-ऐंशी दोनदा. दोन-वीस दोनदा.
बारा.
पुसून पुन्हा केलं.
बारा.

सिद्राम खाली मान घालून विडी शोधत राहिला.
आठ वर्षं तो सळया कापत होता.
आठ वर्षं मी वही लिहीत होतो.

पुढच्या महिन्यात रकान्यात सहा किलो.
आरवाडेंनी चष्मा लावून वाचलं, वही परत दिली,
बोलले काहीच नाहीत.
पण मिरजेच्या नव्या साईटला
चार रकान्यांची वही गेली. छापील.

शनिवारी रसूल नदाफ आला भंगाराचा गाडा घेऊन.
काटा लावला. काटा जेमतेम हलला.
"काय नलवडे, बिल्डिंग बंद पडली काय?"
मल्लव्वा गाड्याशेजारी उभी होती
रिकामं घमेलं कमरेला लावून.
तुकड्यांचे जे सुटायचे
त्यातून तिच्या पोरीच्या शाळेची रिक्षा भागायची.
हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

वाचलेल्या लोखंडाचे पैसे मी कागदावर काढले,
आरवाडेंपुढे ठेवले. "यातले थोडे तिचे."
ते म्हणाले, बघू.
बघू वहीत लिहिता येत नाही.
मी तेवढी ओळ कोरी सोडलीय.

आज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर
टाइल्सवाल्यांनी फोडलेल्या कोपऱ्यांच्या ढिगापुढे
ती उकिडवी बसलेली दिसली.
हातात खडू.